एक माप मोठं

कपडा अंगावर यावा, अंगाला लागू नये, असं माझं मत आहे. मत कसलं, आमच्या घरची रीतच ती. यवतमाळला आमच्या वडिलांनी आम्हा भावंडांना एकही कपडा कधी मापाचा शिवला नाही. शिंप्यापुढे उभं करायचे आणि सांगायचे, "वाढत्या अंगाचं करा." शिंपीही कधी विचारायचा नाही, की अंग वाढून वाढून किती वाढणार. तीच रीत मी पुण्यात आणली. आमच्या मुलीचा, उत्कर्षाचा, पहिलीचा गणवेश चौथीपर्यंत चालला आणि माझ्या लग्नातला कोट मला पहिल्यांदा नीट बसला तो उत्कर्षाच्या लग्नात. यात कुणाचं काही बिघडलं नाही.

भोसरीच्या कारखान्यात मी तपासणी खात्यात होतो. तिथेही हेच. एक भाग दुसऱ्यात फिरायचा असेल तर मध्ये केसभर फट ठेवावी लागते. फट नसली की भाग एकमेकांना खातात. माणसांचंही तसंच असतं, पण ते असो.

सांगायचं ते हे, की जगात असाही एक कपडा आहे जो मोठा घेतला तर घालणारा बुडायच्या बेताला येतो, हे मला निवृत्तीनंतर कळलं. त्याला वेटसूट म्हणतात. तो रबरी असतो, घालायला एक माणूस लागतो आणि काढायला दोन. तो माझ्या आयुष्यात यायचं काही कारण नव्हतं. तो सुशीलामुळे आला.

सुशीला माझी बायको. तीन वर्षांपूर्वी तिचं कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि डावा स्तन काढावा लागला. हे मी एका वाक्यात लिहून टाकतोय, कारण आमच्या घरात ते पूर्ण वाक्यात कुणी बोलत नसे. 'ते झालं तेव्हा' आणि 'त्याच्या आधी' एवढ्यावर भागायचं. तेव्हापासून तिच्या कपड्यांची खरेदी माझ्याकडे आली. मला कुणी दिली नव्हती, मीच घेतली. कुर्ता एक माप मोठा, त्यावर ओढणी, ओढणीला पिन. लग्नकार्यात मी तिच्या डाव्या बाजूने चालायचो. फोटोत डाव्या बाजूला उभा राहायचो. इतकं करून मी ते कधी बोलून दाखवलं नाही, आणि तीही काही म्हणाली नाही. त्यामुळे ठीक चाललंय, असं मी धरून चाललो होतो.

मग डॉक्टर म्हणाले, डावा हात आखडतोय, पोहा. सुशीलाने पन्नाशी उलटून गेल्यावर तलावावर बायकांच्या बॅचमध्ये नाव घातलं. मला वाटलं, आठवडाभर जाईल. ती शिकली. एवढ्यावर थांबली असती तरी माझी तक्रार नव्हती. पण त्या बॅचला शिकवणारी अवनी नावाची मुलगी सुट्टीत लोकांना मालवणला घेऊन जाऊन समुद्रात बुड्या मारायला लावते. तेही मोटरबोटीतून नाही, कयाकवरून. कयाक म्हणजे प्लास्टिकची अरुंद होडी. हिच्यात बसत नाहीत, हिच्यावर बसतात. आपणच वल्हवत दूरच्या खडकापर्यंत जायचं, तिथे नांगर टाकायचा, पाण्यात उतरून पाठीवर हवेची टाकी चढवायची आणि खाली जायचं. परत येऊन पाण्यातूनच त्या होडीवर चढायचं.

"आपल्या वयाच्या बायका जातात का?" मी विचारलं.

"जायला लागल्या की जातात," सुशीला म्हणाली.

ती महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवत होती. "सातवीला दरवर्षी समुद्रबूड जमीन शिकवली. किनाऱ्यापासून आत जाणारा उतार फळ्यावर काढायचे. एकदा बघून येते."

"टीव्हीवर दाखवतात."

"चंद्रही दाखवतात."

 तिच्या डॉक्टरांनीही तपासून हो म्हणून सांगितलं, तेव्हा माझा तोही आधार गेला. जानेवारीत जायचं ठरलं. अडचण एकच होती. अवनीकडचे भाड्याचे सूट पंचविशीतल्या पोरापोरींच्या अंगाचे होते. सुशीलाला स्वतःचा घ्यावा लागणार होता.

दुकान सदाशिव पेठेत, एका क्लासच्या वर पहिल्या मजल्यावर. खाली विद्यार्थ्यांच्या स्कूटरींनी जिना असा अडवलेला, की वर पोचणं हाच अर्धा गिर्यारोहणाचा कोर्स. मालक परचुरे. साठीचे असतील. तंबू, दोर, पाठपिशव्या विकतात आणि मागच्या भिंतीवर चार-पाच वेटसूट टांगून ठेवतात. शेजारी पाटी होती: 'एकदा ओला झालेला सूट परत घेतला जाणार नाही.'

"पाण्यात घालायचा कपडा ओला करायचा नाही?" मी विचारलं.

"करायचा. घेऊन करायचा," परचुरे म्हणाले.

सुशीलाने त्यांना सगळं सांगितलं. कयाक, मालवण, आणि डावा हात मागे जात नाही हेही. का जात नाही, तेही सांगितलं. पूर्ण वाक्यात. मी भिंतीवरचे दोर बघत होतो. एखाद्याने बुटाचा नंबर सांगितल्यावर हलवावी तशी परचुऱ्यांनी मान हलवली.

"मग जाड नको. पाच मिलिमीटरचा घेतलात तर वल्हवता वल्हवता उन्हातच शिजाल. पातळ घेतलात तर खाली कुडकुडाल. तीन बरा. खांदे मोकळे फिरले पाहिजेत, नाहीतर वल्हवणार कशा? आणि चेन पुढून हवी. मागून असली तर दर वेळी कुणाला तरी हाक मारावी लागेल." मग त्यांनी एक सूट काढला. "हा मागच्या चेनचा आहे, पण मापाला घालून बघा. पुढच्या चेनचा मागवून देतो."

त्याबरोबर त्यांनी दोन प्लास्टिकच्या पिशव्याही दिल्या. "पायाला बांधा. सूट सरकतो."

"पुण्यात पिशव्यांवर बंदी आहे," मी म्हणालो.

"सूट चढला की परत घेतो."

सुशीला पडद्याआड गेली. बराच वेळ आतून झटापटीचे आवाज आले. मग तिने हाक मारली, "अहो, जरा चेन ओढा."

मी आत गेलो आणि पाठीवरची चेन वर ओढली. रबर तिच्या अंगावर मिटत गेलं. समोर उभा आरसा होता. घरी ती आरशात भांगापुरती पाहायची. इथे आरसा डोक्यापासून पायापर्यंत होता, आणि त्यात पदर नव्हता, ओढणी नव्हती, पिन नव्हती. उजवीकडे उभार होता, डावीकडे सपाट होतं. रबर काही झाकत नाही. तीन वर्षांत मी ते असं उभ्या उजेडात पाहिलं नव्हतं.  सुशीला मात्र डावा हात वर करून पाहत होती. खाली केला, पुन्हा वर केला. मग पडदा सारून तशीच दुकानात गेली.

दुकानात एक जोडपं तंबू बघत होतं. मी झटकन सुशीलाच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिलो. परचुऱ्यांनी तिला सतरंजीवर बसवलं आणि हातात वल्हं दिलं. "वल्हवा. घाई नाही, मालवण कुठे जात नाही." ती वल्हवायला लागली. मी तिच्या डावीकडे उकिडवा बसलो.

"अहो, आपण जरा बाजूला होता का?" परचुरे म्हणाले. "वल्हं लागेल."

वल्हं लागलंच. मी बाजूला झालो नव्हतो.

परचुऱ्यांनी तिला कमरेत आणि काखेत चिमटीत रबर धरून बघायला सांगितलं. चिमटीत काही येत नव्हतं. "उत्तम. पाणी आत येणारच, पण पातळ थर येतो आणि तिथेच थांबतो. अंगाच्या उबेने तो गरम होतो. सैल असला की गरम झालेलं बाहेर जातं, गार आत येतं. मग सूट घातला काय नि नऊवारी नेसली काय, सारखंच."

"घट्ट नाही का होत?" मी सुशीलाला विचारलं.

"नाही."

"एक माप मोठा बघू या का? जरा मोकळा."

"हाच बरोबर आहे," सुशीला म्हणाली. आरशासमोर ती गरजेपेक्षा थोडी जास्तच उभी राहिली. हसली वगैरे नाही. पण तिथून लवकर हललीही नाही.

माप ठरलं. आम्ही खाली आलो. गाडी मंडईच्या पार्किंगमध्ये होती आणि तिला पावटे घ्यायचे होते. कोपऱ्यावर आल्यावर मी म्हणालो, "तू हो पुढे. मी चष्मा वर विसरलो."

चष्मा माझ्या खिशात होता. मी जिना चढून गेलो आणि परचुऱ्यांना सांगितलं, की मागवताना एक माप मोठा मागवा. आणि बायकांचा नको, पुरुषी अंगाचा. छातीत ऐसपैस.

परचुऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "त्यांनी मापाचा निवडलाय."

"भिडेपोटी म्हणाली."

"भिडेच्या वाटल्या नाहीत. सैल सूटमध्ये पाणी खेळेल."

"खेळू द्या."

"म्हणजे घालणार त्या, भिजणार त्या, आणि ठरवणार आपण."

"हो," मी म्हणालो.

"बरं. पाटी वाचलीच आहे आपण." एवढं बोलून ते तंबूवाल्या जोडप्याकडे वळले. मी मंडईत जाऊन पावट्यांची पिशवी धरली. मला मोकळं वाटत होतं. बॅचमधल्या बारा बायका किनाऱ्यावर असणार, कोळी असणार, फिरायला आलेले लोक मोबाइल घेऊन असणार. त्यांच्या नजरेपासून मी तिला वाचवलं होतं. असं मला त्या दिवशी खरोखर वाटलं.

डिसेंबरात सूट आला. मी एकटाच जाऊन घेऊन आलो, सरावाच्या आदल्या संध्याकाळी. सुशीला घालून बघते म्हणाली. मी म्हणालो, उद्या तिथे घालायचाच आहे, आत्ता पायाला पिशव्या कुठे शोधत बसतेस. तिने ऐकलं. अशा बारीकसारीक बाबतीत ती माझं ऐकते, तेवढी एकच तिची चूक.

सराव पानशेतच्या अलीकडे, धरणाच्या पाण्यावर होता. सकाळचं पाणी बर्फासारखं. ताडपत्रीच्या आडोशातून सुशीला बाहेर आली. चेन तिची तिनेच लावली होती, पुढून, एका हाताने. तेवढं तिच्या मनासारखं झालं होतं. बाकी सूट तिच्या अंगावर नुसता होता. अवनीने पोटाशी हात लावला, तर मूठभर रबर हातात आलं.

"काकू, तुम्ही सांगितलेलं माप हे नाही."

सुशीलाने मान वळवून गळ्याशी शिवलेली माप सांगणारी पट्टी पाहायचा प्रयत्न केला. ते जमेना, तेव्हा अवनीने वाचून दाखवली. मग सुशीलाने माझ्याकडे पाहिलं. मी धरणाच्या भिंतीकडे पाहत होतो.

"पाण्यात गेल्यावर बसेल अंगाला," मी म्हणालो.

 अवनी म्हणाली, आज राहू दे. सुशीला म्हणाली, एवढ्या लांब आले आहे तर काठाजवळच उतरते, टाकीबिकी नको. अवनी शेजारी दुसऱ्या कयाकवर बसली आणि दोघी थोड्या आत गेल्या. तिथे सुशीला पाण्यात उतरली.

उतरताना काही झालं नाही. चढताना झालं. होडीच्या काठाला धरून पाय मारायचे आणि पोटावर वर सरकायचं, असं असतं. तिने पाय मारले. पण गळ्यातून आत शिरलेलं पाणी सूटच्या दोन्ही पायांत भरून बसलं होतं. कुणी पायाला हंडे बांधावेत तशी ती अर्धी वर आली आणि मागे गेली. काठावरून मी ओरडून सांगत होतो, डावा हात पुढे टाक, उजवा टाक. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. दुसऱ्यांदा डाव्या हाताने साथ सोडली आणि तिचं डोकं पाण्याखाली गेलं.

मला पोहता येत नाही. मी चपलांसकट घोट्यापर्यंत पाण्यात गेलो आणि थांबलो. पुढे काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं. इतका निकामी मी ऑपरेशन थिएटरच्या बाहेरही नव्हतो. तिथे निदान सही करायला बोलावलं होतं.

ती लगेच वर आली, खोकली. तोवर अवनीने पाण्यात उडी मारून तिला खालून ढकलून होडीवर घातलं होतं. काठावर आणलं तेव्हा सुशीलाचे ओठ निळे होते आणि दातावर दात वाजत होते. अवनीने चेन उघडून तिला तिरकं बसवलं, तसं सूटच्या पायांतून बादलीभर पाणी गेलं. मी आणलेल्या सगळ्या शाली तिच्यावर टाकल्या. 

अवनीच बोलली. आवाज चढवला नाही, पण 'काका' म्हणायची विसरली. "मालवणला हा सूट येणार नाही. बरोबर सूट नसेल तर काकूंनाही नेता येणार नाही. मी जबाबदारी घेऊ शकत नाही."

आम्ही परत निघालो. गाडी मी चालवत होतो. सिंहगड रस्ता संपेपर्यंत सुशीला खिडकीबाहेर बघत होती. आम्ही बिबवेवाडीला राहतो, त्यामुळे स्वारगेट चुकत नाही. स्वारगेटच्या सिग्नलला गाडी थांबली आणि ती बोलली. सुशीलाही यवतमाळकडचीच. पस्तीस वर्षं ती पुण्याचं शुद्ध मराठी बोलते, शाळेत मुलांचं दुरुस्त करायची. पण राग फार आतून आला की यवतमाळ वर येतं.

"काहून बदलला जी तुम्ही?"

मी म्हणालो, "तुला मोकळं वाटावं म्हणून."

"मले मोकळं वाटत होतं. त्या दुकानात आरशासमोर उभी होती, तेव्हा मले तीन वर्षांत पहिल्यांदा मोकळं वाटलं. तुम्ही मले कापडात गुंडाळून ठेवून राह्यले. मी चूप राह्यली, म्हटलं माणूस मायेनं करते. पण लाज मले नाही वाटत. तुम्हाले वाटते."

सिग्नलचे आकडे उतरत होते. त्या आकड्यांकडे बघत मी खरं सांगितलं, कारण दुसरं काही सुचलं नाही.

"लाज नाही वाटत. भीती वाटते. दिसलं की सगळं आठवतं. ते दिवस, तो वास, तुझे केस गेले होते ते. आणि पुन्हा झालं तर, हे आठवतं. झाकलेलं असलं की वाटतं, काही झालंच नाही."

सुशीला खिडकीकडून माझ्याकडे वळली.

"मंग आठवा," ती म्हणाली. "मले तर रोज आंघोळीच्या वक्ताले आठवते. तुम्ही एकटेच विसरून काहून बसता?"

मागून बसवाल्याने हॉर्न दिला. सिग्नल हिरवा झाला होता. मी गाडी पुढे घेतली ती तिसऱ्या गिअरवर, आणि चौकाच्या मधोमध ती बंद पडली. स्वारगेटच्या मधोमध गाडी बंद पडल्यावर लोक जे बोलतात ते सगळं आम्ही दोघांनी शेजारी बसून ऐकून घेतलं. मला ते फार लागलं नाही. तिचं वाक्य जास्त लागलं होतं. तीन वर्षं ती आणि तो व्रण न्हाणीघरात दोघंच होते आणि मी बाहेर कुर्त्यांची मापं बघत होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही परचुऱ्यांकडे गेलो. मी पिशवी टेबलावर ठेवली. त्यांनी ती उघडून वास घेतला आणि आतून शेवाळाचा एक तुकडा काढला.

"पानशेत?"

"हो."

"पाटी तिथेच आहे."

"परत द्यायला नाही आलो," मी म्हणालो. "हिने निवडला होता तो मागवायला आलोय. पण तो दहा दिवसांत यायला हवा."

परचुरे उठले, आतल्या खोलीत गेले आणि एक बंद पिशवी आणून सुशीलासमोर ठेवली. तिने निवडलेलं माप, पुढून चेन.

"दोन्ही मागवले होते," ते म्हणाले. "चष्मा विसरून परत येणारे नवरे या दुकानाला नवीन नाहीत. बहुतेकांचा चष्मा खिशातच असतो."

सुशीलाने माझ्या खिशाकडे पाहिलं. मग पिशवी घेऊन पडद्याआड गेली. या वेळी तिने चेन ओढायला हाक मारली नाही. मी बाहेर उभा राहून वाट पाहिली, आणि तिने बोलावलं नाही याचं मला वाईट वाटलं. चेन पुढून आहे हे माहीत असूनही वाटलं.

"आणि याचं काय करायचं?" परचुऱ्यांनी ओल्या सूटकडे बोट दाखवलं.

"राहील घरात. कुणालातरी होईल." ही आमच्या घरची दुसरी रीत.

परचुऱ्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "घालून बघा."

"मला पोहता येत नाही."

"पोहायला नाही सांगितलं. घालायला सांगितलं." आणि त्यांनी दोन प्लास्टिकच्या पिशव्या पुढे केल्या.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात. पंधरा मिनिटांनी मी त्या आरशासमोर उभा होतो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अंगावर मापाचा कपडा होता. माझं पोट मीही अलीकडे इतक्या स्पष्टपणे पाहिलं नव्हतं. तंबूंच्या रांगेमागून सुशीला बघत होती. ती हसली नाही, पण तोंडाला रुमाल लावून खाली बसली.

"तुमच्याच मापाचा मागवला होतात," परचुरे म्हणाले.

पुढचं सोपं होतं. सुशीला आणि अवनी दोघी खाली जाणार, म्हणजे वर कयाक सांभाळायला कुणीतरी हवंच होतं, आणि अवनीला तसं माणूस मिळत नव्हतं. तिने मला एक दिवस तलावात लाइफ जॅकेट घालून नुसतं तरंगत ठेवलं. मी तरंगलो. 'काका' पुन्हा सुरू झालं.

जानेवारीत मालवणला दोन माणसांच्या कयाकवर सुशीला पुढे बसली, मी मागे. किनाऱ्यावर बायका होत्या, कोळी होते, मोबाइलवालेही होते. मी तिच्या डावीकडे उभं राहायला गेलो नाही, कारण कयाकला डावीकडे उभं राहायची सोय नसते. ती वल्हवत होती, मी तिच्या वल्ह्याला वल्हं आपटत होतो. परचुरे बोलले ते खरं होतं. उन्हात माणूस शिजतो.

खडकापाशी अवनीने नांगर टाकला, आपली कयाक आमच्या कयाकला बांधली आणि दोघी पाण्यात उतरल्या. टाक्या चढवल्या. सुशीलाने एकदा माझ्याकडे पाहिलं, तोंडात नळी होती म्हणून काही बोलली नाही, आणि खाली गेली. मग तिथे मी होतो आणि बुडबुडे होते. बुडबुडे येत होते तोवर मी श्वास घेत होतो. एकदा ते जरा बाजूला सरकले तर मी उठायला गेलो आणि दोन्ही होड्या हलल्या, तेव्हा बसलो. देवाधर्माचं मला काही येत नाही. मी पावटे, मंडई, उत्कर्षा असं काहीबाही मोठ्याने बोलत राहिलो.

त्या वर आल्या. सुशीलाने टाकी उतरवून तिची दोरी मला दिली, होडीचा काठ धरला, पाय मारले आणि एका दमात पोटावर वर सरकली. मी हात पुढे केला होता, तो लागलाच नाही. तिच्या सूटमधून पाणी गेलं ते ओंजळभर. वळून माझ्याकडे तोंड करून बसली, थोडा वेळ नुसती धापा टाकत राहिली.

"पाहिली?" मी विचारलं.

"पाहिली. उतार पुस्तकात जरा जास्तच दाखवलाय." पुन्हा धाप लागली. "तीस वर्षं पुस्तकातली आकृती बघून फळ्यावर उभा उतार काढला. इतकं हळूहळू खोल होत जातं की कळतही नाही."

मग तिला उकडायला लागलं. तिने गळ्याशी हात नेला आणि चेन छातीच्या खालपर्यंत उघडली. आत पोहायचा साधा ड्रेस होता, त्याच्या कडेवरून व्रण दिसत होता, काखेतून आत येणारा, उन्हात ओला. तिकडून बॅचमधल्या दोघींची कयाक आमच्याच दिशेने येत होती. पलीकडे मासेमारीची एक होडी चालली होती, तिच्यात चार माणसं.

माझ्या मांडीखाली टॉवेल होता. मी तो मुद्दाम आणला होता, मोठा. माझा हात आपोआप तिकडे गेला, आणि हात टॉवेलवर असतानाच माझ्या लक्षात आलं की सुशीला माझ्या हाताकडे बघते आहे.  चेनला तिने हात लावला नाही.

मी टॉवेल काढला. माझं स्वतःचं तोंड पुसलं, डोकं पुसलं, मान पुसली, आणि तो परत मांडीखाली ठेवून त्यावर बसलो. मग मी नीट पाहिलं. तीन वर्षांत पाहिलं नव्हतं तितकं पाहिलं. डोळ्यांत खारं पाणी गेलं होतं, समुद्राचंच असेल.

"आठवलं?" सुशीलाने विचारलं.

"आठवलं."

"मंग वल्हवा आता," ती म्हणाली.